सेवियाचा पवित्र आठवडा : कुठे उभं राहायचं, काय टाळायचं

स्पेनमधल्या सेविया शहरात (आपल्याकडच्या नकाशांवर ‘सेव्हिल’) ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मिरवणुका बघायला जाणारा नवखा माणूस पहिल्या दिवशी एक चूक हमखास करतो. तो थेट कॅथेड्रलकडे जातो. ला कांपाना चौक, सिएर्पेस गल्ली, सान फ्रान्सिस्को चौक आणि तिथून कॅथेड्रल हा ‘कारेरा ओफिसियाल’ नावाचा ठरलेला पट्टा. आठवडाभरात चर्चशी जोडलेली भाविकांची साठेक मंडळं याच पट्ट्यातून जातात, म्हणजे इथे उभं राहिलं की सगळं दिसेल, असा त्याचा हिशेब असतो. प्रत्यक्षात पट्टा दोन्ही बाजूंनी भाड्याच्या खुर्च्यांनी भरलेला असतो. त्या बहुतेक जुन्या वर्गणीदारांकडे वर्षानुवर्षं असतात. नवख्याच्या वाट्याला येतात खुर्च्यांच्या पाठी आणि पोलिसांचे कठडे. मिरवणूक बघायची ती गल्लीबोळांत, मंडळाच्या स्वतःच्या वस्तीत. हा लेख त्या दृष्टीने लिहिला आहे.

तारखा आणि मुक्काम

वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे हा आठवडा नेहमी पौर्णिमेच्या आसपास येतो, मात्र ती पौर्णिमा कधी फाल्गुनातली असते, तर कधी चैत्रातली. 2026 साली हनुमान जयंती आणि पवित्र गुरुवार एकाच दिवशी, 2 एप्रिलला. 2027 साली मात्र होळी पौर्णिमा 22 मार्चला आणि ईस्टर 28 मार्चला. म्हणून 2027 चा कार्यक्रम असा धरा : 21 मार्चला झावळ्यांचा रविवार (पाम संडे), 25 ला पवित्र गुरुवार, 26 ला गुड फ्रायडे. 27-28 मार्चच्या रात्री युरोपात घड्याळं एक तास पुढे जातात. रविवारी सकाळी परतीची ट्रेन किंवा विमान असेल, तर हे विसरू नका.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज लवकर करा, कारण एप्रिल-मे हा आपल्याकडच्या सुट्ट्यांचा हंगाम असतो आणि भेटीच्या वेळा झपाट्याने भरतात. हॉटेलची खोली त्याहून आधी ठरवा. या आठवड्यात भाडी कित्येक पटींनी चढतात.

खोली कुठे घ्यायची यावर विचार करा. जुन्या शहराच्या पोटात खोली घेतली की सगळं चालत गाठता येतं, पण संध्याकाळी मिरवणूक दारातून जात असेल तर तास-दीड तास आत जाता येत नाही की बाहेर पडता येत नाही. टॅक्सी तर येतच नाही, आणि दगडी फरसबंदीवरून चाकांची बॅग गर्दीतून ओढत न्यायची म्हणजे शिक्षाच. सगळ्यात सोयीची जागा म्हणजे जुन्या शहराच्या कडेची, सांता हुस्ता स्टेशनच्या बाजूची. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून वेगवान ट्रेन अडीच तासांत तिथे पोचते. झावळ्यांच्या रविवारी दुपारी पोचण्याऐवजी शुक्रवारी पोचा. त्याची कारणं दोन : कॅथेड्रल शांतपणे बघता येतं, आणि शुक्रवार-शनिवारी बाहेरच्या वस्त्यांत छोट्या मंडळांच्या मिरवणुका निघतात. त्या कॅथेड्रलपर्यंत येत नाहीत, गर्दी बेताची असते, नजर तयार व्हायला उत्तम.

सकाळ चर्चमध्ये घालवा

हे बहुतेक पर्यटकांना माहीत नसतं. संध्याकाळी रस्त्यावर जे दुरून आणि डोक्यांमधून दिसणार, ते त्याच दिवशी सकाळी चर्चमध्ये दोन हातांवर बघता येतं, तेही फुकट. ज्या मंडळाची मिरवणूक त्या दिवशी असते, त्याचं चर्च साधारण दहा ते एक-दोनपर्यंत लोकांसाठी उघडं असतं. आत ‘पासो’ म्हणजे मूर्ती वाहून नेण्याचे भव्य देव्हारे फुलं-मेणबत्त्यांनी सजून तयार उभे असतात. बाहेर रांग दिसली तरी घाबरू नका, ती सरकत असते.

मूर्तींची नावंही जाणून घ्या. सान लोरेन्सो चौकातला ‘ग्रान पोदेर’ हा क्रूस वाहणारा ख्रिस्त हुआन दे मेसाने 1620 साली घडवला. एरवीच्या दिवशी गेलात तर भाविक मूर्तीच्या मागून जाऊन टाचेला हात लावताना दिसतील. नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीतला ‘काचोरो’ हा क्रूसावरचा ख्रिस्त फ्रान्सिस्को रुइस गिहोनचा, 1682 चा. माकारेना वस्तीतल्या मरियेची (येशूच्या आईची) मूर्ती कोणी घडवली हे मात्र आजवर कळलेलं नाही. एल साल्वादोर चर्चमध्ये मार्तिनेस मोन्तान्येसने घडवलेला ‘पासिओन’चा ख्रिस्त आहे. या लाकडी मूर्ती आहेत, रंगवलेल्या आणि बहुतेक खऱ्या वस्त्रांनी नेसवलेल्या. आपल्याकडे देवाला नेसवतात तशाच, आणि नेसवण्याचा मान मंडळात मोठा समजला जातो.

आता आत कसं वागायचं. पहिली गोष्ट, चपला-बूट काढू नका. दारात बूट काढून उभी राहिलेली भारतीय मंडळी बघून तिथले लोक गोंधळतात. पुरुषांनी टोपी मात्र काढायची. खांदे उघडे किंवा आखूड चड्डी असेल तर कॅथेड्रलसारख्या ठिकाणी अडवू शकतात, म्हणून एक स्टोल जवळ ठेवा. दाराशी दगडी कुंडीत पाणी असतं ते पवित्र पाणी : कॅथलिक त्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतात. ते तीर्थ म्हणून प्यायचं नाही, हातही धुवायचे नाहीत. वेदीजवळ तांबडा दिवा तेवत असेल तर तिथे कम्युनियनची पवित्र भाकर ठेवलेली आहे असं समजा, तिकडे पाठ करून फोटो काढू नका. वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. जाळीच्या लाकडी कपाटासारखी दिसणारी जागा पापनिवेदनासाठी असते, टेकायला नाही.

मिस्सा (कॅथलिकांचा प्रार्थनाविधी) चालू असेल तर चर्चमध्ये हिंडू नका. मागच्या बाकावर बसा, सगळे उठले की उठा, गुडघे टेकणं तुम्हाला सक्तीचं नाही. आणि एक चूक आपल्याकडच्या माणसांकडून फार सहज होते : शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन धर्मगुरूंकडून भाकरीची पातळ चकती घेतात, ती प्रसाद समजून रांगेत उभं राहणं. तो प्रसाद नव्हे. कम्युनियन फक्त बाप्तिस्मा झालेल्या, तयारी केलेल्या कॅथलिकांसाठी असतं. तुम्ही बाकावरच बसून राहिलात तर कोणीही वाईट मानत नाही. मेणबत्ती लावायची असेल तर शेजारच्या पेटीत नाणं टाकायचं. पुष्कळ ठिकाणी आता नाणं टाकलं की विजेची मेणबत्ती पेटते.

कॅथेड्रल मात्र पवित्र आठवड्याच्या आधीच उरका. मिरवणुकांच्या दिवसांत पर्यटकांसाठीच्या वेळा आखडतात. 1401 साली जुन्या मशिदीच्या जागी ते बांधायचं ठरलं. मशिदीचा मिनार म्हणजे आजचा हिराल्दा मनोरा. वर जायला पायऱ्यांऐवजी 35 उतरणी आहेत, शेवटी थोड्या पायऱ्या. गुडघेदुखीवाल्यांना जिन्यापेक्षा हे सोपं जातं, पण मध्येच परत फिरणं गर्दीत अवघड असतं. तिकिटातच एल साल्वादोर चर्चचा प्रवेश असतो. तिकीट ऑनलाइन वेळेसह काढा.

मिरवणूक वाचायला शिका

सगळ्यांत पुढे मोठा क्रूस येतो, ‘क्रुस दे गिया’. त्यामागे दोन ओळींत नासारेनो : झगा, चेहरा झाकणारं कापड आणि डोक्यावर उंच टोकदार टोपी, हातात लांब मेणबत्ती. ही टोपी बघून काहींना अमेरिकेतली ‘कू क्लक्स क्लॅन’ ही वर्णद्वेषी टोळी आठवते. तिचा इथे काही संबंध नाही. ती टोळी 1865 नंतरची, ही प्रथा कित्येक शतकं जुनी. चेहरा झाकायचा तो प्रायश्चित्त करणारा कोण हे कळू नये म्हणून. टोपीला आतला ताठ शंकू नसेल आणि खांद्यावर क्रूस असेल तर तो ‘पेनितेन्ते’.

रांगेचे तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला झेंडा किंवा मानचिन्ह असतं. मग उंच काठ्यांवर मेणबत्त्या घेतलेली मुलं आणि उदाचा धूर दिसला की समजायचं, पासो आलाच. कॅमेरा तेव्हा काढा, आधी नाही. त्या काठ्या वर उचलल्या की पासो चालू लागतो, जमिनीवर टेकल्या की तो थांबलेला असतो. नवख्याला याहून उपयोगी खूण दुसरी नाही.

पहिला पासो बहुधा ख्रिस्ताचा, शेवटचा मरियेचा. मरियेच्या पासोवर बारा दांड्यांनी तोललेलं छत असतं, पुढे मेणबत्त्यांचा डोंगर. उचलणारे कोस्तालेरो आत असतात, पडद्याआड, बाहेरचं काही न दिसता. आपल्या पालखीसारखे खांद्यावर दांडे नसतात. पासोखाली आडव्या तुळया असतात आणि भार मानेच्या मागच्या उंचवट्यावर घेतात, त्यासाठी डोक्याला जाड कापडाचं मुंडासं बांधतात. एका पासोखाली तीस-पस्तीसपासून पन्नासच्या आसपास माणसं, आणि मोठ्या पासोचं वजन दोन टनांच्या वर. म्हणूनच उंची जुळवून माणसं निवडतात आणि ठरावीक अंतराने तुकडी बदलते. माणसं खालून बाहेर येऊन पाणी पिताना दिसतील, तेव्हा त्यांना घेराव घालू नका. (मालागा शहरात मात्र लांब दांडे खांद्यावर घेऊन बाहेरून उचलतात. आपल्याला ते दृश्य जास्त ओळखीचं वाटेल.)

बाहेर पुढे चालतो तो कापातास. पासोच्या पुढच्या बाजूला धातूची कडी असते. ती ठोठावून तो सावध करतो, आतल्यांना दोन शब्द बोलतो, आणि पुढच्या ठोक्याला सगळा पासो एकदम उडी मारल्यासारखा वर उचलला जातो. याला ‘लेवान्ता’ म्हणतात. एका उचलीपासून टेकवण्यापर्यंतची चाल म्हणजे ‘चिकोता’. अरुंद कोपऱ्यावर पासो वळवताना बोटभर जागा सोडून भिंत जाते आणि बॅंड वाजतच असतो. रस्त्यावर बघण्यासारखं जे आहे त्यातलं अर्धं या वळणांवर आहे. सज्ज्यातून कोणी ‘साएता’ हे भक्तिगीत गाऊ लागलं, तर पासो थांबतो आणि गर्दी गप्प होते. टाळ्या गाणं संपल्यावर.

वेळापत्रक

वर्तमानपत्रं, बार आणि दुकानांतून छोट्या वेळापत्रक-पुस्तिका मिळतात, मोबाइल ॲपही असतात. त्यातली ‘सालिदा’ ही वेळ क्रूस दारातून बाहेर पडण्याची. पासोची नव्हे! हजार-दोन हजार नासारेनोंचं मंडळ एका जागेवरून पूर्ण जायला तासाहून जास्त लागतो. म्हणून एखाद्या कोपऱ्यावर क्रूस सहाला येणार असं लिहिलं असेल, तर मरियेचा पासो सातच्याही पुढे धरा. ‘एन्त्रादा’ म्हणजे परत चर्चमध्ये शिरण्याची वेळ. परतीची मिरवणूक बघा, हा आमचा आग्रह आहे. रात्री गर्दी विरळ होते, मेणबत्त्या अर्ध्या जळलेल्या असतात, बॅंड दमला असला तरी वस्तीतल्या लोकांना बघून पुन्हा वाजवू लागतो.

दिवसाला दोन मंडळं पुरेत. चार-पाच धरलीत की सगळा वेळ चालण्यात आणि अडकण्यात जातो.

कुठे उभं राहायचं

मुलं बरोबर असतील तर झावळ्यांच्या रविवारी एल साल्वादोर चर्चसमोर ‘ला बोरिकिता’ बघा. तिच्यात लहान मुलंच नासारेनो असतात. सोमवारी ‘सान गोन्सालो’ त्रियाना पूल ओलांडतं. पुलावर वारा लागतो, पण जागा मोकळी असते आणि पाणी, पासो, मनोरा एकाच नजरेत येतात. मंगळवारी सान एस्तेबानच्या टोकदार कमानीच्या अरुंद दारातून पासो काढताना कोस्तालेरो अगदी खाली वाकून सरकतात. इथे दोन तास आधी जाऊन उभं राहावं लागतं, आणि नंतर लगेच निघता येत नाही. मंगळवारीच ‘लोस एस्तुदियान्तेस’ विद्यापीठाच्या जुन्या तंबाखू कारखान्याच्या इमारतीतून निघतं. तिथे रस्ता रुंद आहे, म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याने तेच निवडावं.

जागा निवडताना आधी मागे बघा. पाठीमागे निघून जायला गल्ली हवी. दोन मिरवणुकांच्या मध्ये सापडलात तर बाहेर पडायला वाट उरत नाही. घडीच्या छोट्या खुर्च्या नेऊ नका : महापालिका अनेक रस्त्यांवर त्यांना मनाई करते, आणि पळापळीत त्याच पायात येतात.

माद्रुगा : गुरुवारची रात्र

पवित्र गुरुवारच्या रात्री सहा मंडळं निघतात : एल सिलेन्सिओ, ग्रान पोदेर, माकारेना, एल काल्वारिओ, एस्पेरान्सा दे त्रियाना आणि लोस हितानोस. यांचे दोन स्वभाव आहेत. सिलेन्सिओ, ग्रान पोदेर आणि काल्वारिओच्या वाटेवर शांतता असते. कुजबुजलात तरी शेजारचा ‘श्श’ करेल. माकारेना आणि त्रियानाची एस्पेरान्सा यांच्या वाटेवर मात्र बॅंड, टाळ्या, मरियेच्या नावाने ‘ग्वापा’ (म्हणजे ‘सुंदरे!’) अशा हाका. कुठे उभे आहात हे ओळखून वागा.

रात्रभर जागायचा हट्ट नको. रात्री एक शांत मिरवणूक बघा, झोपा आणि शुक्रवारी सकाळी फेरिया गल्लीच्या परिसरात परतणारी माकारेना गाठा. मध्यरात्री निघालेली ती दुपारी एक-दोनपर्यंत रस्त्यावरच असते. रोमन शिपायांच्या वेशातले ‘आर्माओस’ पिसांच्या शिरस्त्राणांसह तिच्याबरोबर असतात.

या रात्रीचा खरा धोका म्हणजे पळापळ. 2000 आणि 2017 साली माद्रुगात अचानक लोक धावत सुटले आणि अनेक जण जखमी झाले. गर्दी धावू लागली तर तुम्ही धावू नका. भिंतीला किंवा दाराच्या कोनाड्याला चिकटा, मूल उचलून घ्या, लोंढा जाऊ द्या. मुलांच्या मनगटाला फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधा. आपत्कालीन क्रमांक 112.

रस्ता ओलांडणं आणि इतर शिष्टाचार

मिरवणूक कापून पलीकडे जायचं असेल तर दोन तुकड्यांमधली फट आणि काठी घेतलेल्या व्यवस्थापकाची खूण, दोन्हींची वाट बघा. मग झटकन जा, मध्ये थांबून फोटो नाही. पासोच्या अगदी पुढून कधीच नाही. फ्लॅश बंद. नासारेनोंशी गप्पा मारायचा प्रयत्न करू नका, बहुतेकांनी मौन धरलेलं असतं. मुलांना मात्र ते गोळ्या आणि देवांची चित्रं देतात. तिथली पोरं चांदीच्या कागदाचा गोळा करून त्यावर मेणबत्त्यांचं मेण गोळा करतात आणि वर्षागणिक तो गोळा मोठा होत जातो. तुमच्या मुलाच्या हातातही एक द्या, दोन तास कंटाळत नाही.

पाऊस

मार्च-एप्रिलमध्ये पाऊस येतो आणि जुनी मूर्ती, सोन्याचा मुलामा, भरतकाम यांना पाणी चालत नाही. पावसाची शक्यता दिसली की मंडळाची बैठक बसते. निघायची वेळ अर्धा-एक तास पुढे ढकलतात किंवा मिरवणूक रद्द करतात. वाटेत पाऊस आला तर जवळच्या चर्चमध्ये किंवा कॅथेड्रलमध्ये आसरा घेतात. रद्द झाल्यावर मोठी माणसं रस्त्यात रडताना दिसतील, वर्षभराची तयारी असते ती. अशा वेळी चर्चचं दार बहुधा उघडं ठेवतात, आत जाऊन पासो बघून या. छत्री मिरवणुकीत मागच्यांना त्रास देते, पातळ रेनकोट बरा. पाऊस नसला तरी रात्री अंगावर एक जाड थर हवा.

खाणंपिणं

ईस्टरआधीच्या उपवासकाळामुळे शाकाहाऱ्यांचं इथे बरं चालतं. पालक आणि काबुली चण्यांची भाजी, ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’, ही सेवियाची खास, जिऱ्याच्या वासाची. पावाच्या चकत्या दुधात किंवा वाइनमध्ये भिजवून तळलेल्या ‘तोरिहास’ गोड, पण त्यात अंडं असतं. टोमॅटोच्या थंड ‘साल्मोरेहो’वर अंडं आणि डुकराचं सुकं मांस भुरभुरवतात. मागवतानाच ‘सिन हामोन, सिन उएवो’ म्हणा. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर हे मांस मोजतच नाहीत. गुरुवार-शुक्रवारी दुकानं बंद असतात, तेव्हा फळं, पाणी, औषधं बुधवारीच घ्या. शौचालयं कमी आहेत. बारमध्ये कॉफी घेऊन तिथलंच वापरायचं, ही रीत सगळे पाळतात.

कपडे तिथली मंडळी झोकात घालतात. झावळ्यांच्या रविवारी जो नवं घालत नाही त्याला हातच नाहीत, अशी त्यांच्याकडे म्हण आहे. तुम्ही नीटनेटके असलात की झालं, मात्र बूट असे घाला ज्यांचा तळ गुळगुळीत नाही. गल्ल्यांत मेण सांडून थर बसतो, सोल घसरतात, गाड्यांची चाकं करकरतात.

निघण्याआधी सराव हवा असेल तर तो गोव्यात होतो. गोवा वेल्ह्याला सेंट अँड्र्यू चर्चमधून संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते, उपवासकाळाच्या पाचव्या रविवारानंतरच्या सोमवारी. 2027 साली ती 15 मार्चला येते. पोर्तुगीज वळणाची असली तरी मेणबत्ती, मंडळांचे झगे आणि गर्दीतलं थांबणं-सरकणं यांची ओळख तिथे होते. आणि वसंतात जमत नसेल तर 15 ऑगस्टला सकाळी आठ वाजता सेवियात व्हिर्हेन दे लोस रेयेसची मिरवणूक कॅथेड्रलभोवती निघते. उन्हाळा भाजणारा असतो, पण ती सकाळीच आटोपते.

मेण कपड्यांवर पडलं तर लगेच पुसू नका, ते पसरतं. कडक होऊ द्या, नखाने खरवडा, मग डागाच्या दोन्ही बाजूंना साधा कागद धरून कोमट इस्त्री फिरवा. कागद मेण शोषून घेतो. कागद बदलत दोन-तीनदा केलं की निघतं.